तीन रेघांचा उतार

४ मार्च

दादा,

फोनवर तू ओरडतोस आणि मी रडते, म्हणून पत्र लिहितेय. निदान दोघांनाही मधे पाणी प्यायला वेळ मिळेल.

पुस्तकासाठी अण्णांच्या सगळ्या वह्या उतरवून झाल्या. सायकलचे अकरा मार्ग, एकशे चाळीस पानं. पार्सल वेगळं पाठवलंय. रेघांचा हिशेब तुला पाठ आहे, पण तुमच्या ऑफिसातल्या लोकांना समजावून सांग, नाहीतर छापखान्यात कोणी त्या रेघा नक्षी समजून काढून टाकेल. हँडलला आडवी बांधलेली औषधाची बाटली, अर्ध्यापर्यंत निळं पाणी, काचेवर कानशीनं ओढलेल्या तीन रेघा. रस्ता चढाला लागला की पाणी कलतं, ज्या रेघेला टेकेल तेवढ्या रेघांचा चढ. तुमच्या शहरात यासाठी महागडं यंत्र मिळत असेल. अण्णांनी तीस वर्षं खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर काढली.

ते कच्च्या वहीत पेन्सिलीनं टिपायचे, घरी येऊन टेबलाशी मला सांगायचे, मी पक्क्या वहीत उतरवायची. आता मोतीबिंदू इतका वाढलाय की स्वतःचंच पेन्सिलीचं अक्षर त्यांना लागत नाही. ऑपरेशनचं नाव काढलं की पंपाला तेल घालायला खाली सायकलच्या दुकानात जातात. पण मार्ग सगळे तोंडपाठ आहेत.

आता कामाचं. सातवा मार्ग, खिंडीचा. अण्णांनी तो आपल्या दारातून सुरू केलाय: सहा किलोमीटर खिंड चढायची, सगळी तीन रेघांची, आणि मग पलीकडून चाळीस किलोमीटर हलक्या उतारानं स्टेशनपर्यंत. म्हणजे सायकलवाले सकाळच्या बसनं येतात, आपल्याकडे हवा भरतात, फुकटचं पाणी पितात आणि निघून जातात. दादा, तू तो मार्ग उलटा छाप ना. स्टेशनवरून निघायचं, हळूहळू चढत यायचं आणि शेवटचे सहा किलोमीटर सगळा उतार, पायांना सुट्टी, की थेट आपलं दार. संध्याकाळी दमून आलेला माणूस पुढं कुठं जातोय? राहीलच.

मी सासरहून परत आले तेव्हा अण्णांनी एका शब्दानं काही विचारलं नाही, वरच्या दोन खोल्यांची किल्ली हातात दिली. दोन वर्षं झाली, त्या खोल्यांत झोपायला फक्त मांजर येतं. मला कुणाच्या जिवावर बसून खायचं नाही, तुझ्याही नाही आणि त्यांच्याही नाही.

त्यांना मात्र यातलं काही सांगू नकोस. त्यांचा नियम तुला माहीत आहे: तीन रेघा चढायच्या, उतरायच्या नाहीत. पण तो नियम त्यांच्या लोखंडी सायकलीचा, आता ब्रेक चांगले असतात.

तुझी,
बुटकी

२१ मार्च

बुटके,

पार्सल पोचलं. तुझं अक्षर बघून आमच्या टायपिस्टबाईंनी विचारलं, या ताई नोकरी करतील का. मी म्हटलं, तिला साहेब चालत नाही, ती स्वतःच साहेब आहे.

सातव्या मार्गाचं म्हणशील तर पडत्या फळाची आज्ञा. तू सांगायच्या आधीच माझ्या मनात होतं. वाचकाला दिवसाचा शेवट उतारावर झालेला आवडतो, चढून घाम काढायला पुस्तक कोण विकत घेतं? काल संध्याकाळी टेबलाशी बसून सगळा मार्ग उलटा करून टाकला, तासाभराचं काम. शेवटासाठी तुझंच वाक्य घेतलंय, ‘शेवटचे सहा किलोमीटर सगळा उतार, पायांना सुट्टी’. साहेबांना ते इतकं आवडलं की मलपृष्ठावर घ्या म्हणाले.

एकदा येऊन खिंड उतरून बघावी असं मनात होतं, पण गुडघा साथ देत नाही आणि रजाही नाही. शिवाय त्या खिंडीचा दगड न् दगड मला माहीत आहे, लहानपणी कमी वेळा चढलोय का?

अण्णांचं नाव आतल्या पानावर ‘मार्गनोंदी’ म्हणून येईल. मुखपृष्ठावर संपादक म्हणून माझं आहे, आमच्याकडे तशी पद्धत असते. त्यांना नीट समजावून सांग.

दादा

३० ऑगस्ट

दादा,

पुस्तक येऊन तीन आठवडे झाले. अण्णांनी आधी हात धुतले, पुसले, मग हातात घेतलं. मी त्यांचं बोट धरून त्यांच्या नावावर ठेवलं. त्यांनी ते नाव दोनदा चाचपलं आणि म्हणाले, “बारीक आहे, पण आहे.” मुखपृष्ठावरचं तुझं नाव त्यांना न सांगताच दिसलं, ते मोठंच आहे. मग खाकी कागदाचं कव्हर स्वतः घातलं.

रोज दुपारी एक मार्ग वाचून दाखवते. शाळेतल्या मास्तरांसारखे डोळे मिटून ऐकतात आणि कुठं स्वल्पविराम चुकला तरी थांबवतात. सातवा आला तेव्हा मी पुस्तक समोर धरलं आणि पक्क्या वहीतला पाठ म्हटला. दारातून निघून खिंड चढायची, वगैरे. “बरोबर,” म्हणाले. माझे कान गरम झाले होते, पण त्यांना ते दिसत नाहीत.

खोल्या भरतात, दादा. पंधरा दिवसांत नऊ जण राहून गेले. एक पोस्टातला कारकून होता, तो रोज सकाळी मला “मालकीणबाई” म्हणून हाक मारायचा. पहिल्यांदा मागं वळून पाहिलं कोण मालकीण आलीय म्हणून.

एकच सांगते. परवा एक जण उतरून आला आणि त्याच्या रिमला हात लावला तर चटका बसला. ब्रेकच्या रबराचा वास दुकानभर. अण्णांनी विचारलं, “हा कुठून आला?” मी म्हटलं, नदीच्या बाजूनं. “नदीच्या बाजूनं रिम तापत नाही,” ते म्हणाले, आणि मग गिऱ्हाईक आलं म्हणून विषय राहिला. तू पुढच्या वेळी तिथं ‘जपून’ एवढं तरी घाल.

बुटकी

१२ सप्टेंबर

बुटके,

घाईत लिहितोय. पहिली छपाई संपली, दुसरी निघतेय. मला वरच्या मजल्यावर खोली दिली, खिडकीसह. समोर भिंत आहे, पण खिडकी ती खिडकी.

तुझं ‘जपून’ या छपाईत बसणार नाही, पानं तीच जातायत. पुढच्या आवृत्तीत बघू. एखाद्याची रिम तापली म्हणून मार्ग बिघडत नाही. अण्णांचे नियम ऐकत बसलो असतो तर आपण दोघं अजून तीनचाकीवर असतो.

मालकीणबाई झाल्याबद्दल अभिनंदन.

दादा

३ नोव्हेंबर

दादा,

काल खिंडीतल्या टाक्याच्या वळणावर एक बाई पडली. शाळेत शिकवते, चाळिशीची असेल, सुट्टीत मैत्रिणीला घेऊन आली होती. ब्रेक तापून लागेनासे झाले आणि ती वळणाच्या बाहेरच्या कठड्यावर आपटली. खुब्याचं हाड मोडलंय, मांडीही. डॉक्टर म्हणतात जगेल, पण नीट चालेल की नाही ते सांगता येत नाही.

अण्णा हत्यारांची पेटी घेऊन धावले. पेटी कशाला घेतली कुणास ठाऊक, माणसाला पाना लागत नाही. मी पोचले तेव्हा ते रस्त्यावर बसून तिचं डोकं धरून होते. तिच्या मैत्रिणीनं पुस्तक काढलं आणि त्यांच्या तोंडासमोर धरून मोठ्यानं वाचलं, “सगळा उतार, पायांना सुट्टी! हे कुणी लिहिलंय? कोण गाढव आहे हा?” तिला काय माहीत ती कुणाला विचारतेय.

अण्णा म्हणाले, “माझ्या मार्गात असं नाही.”

तिनं आतलं पान उघडून ‘मार्गनोंदी’वर बोट ठेवलं, “म्हणजे हे तुमचंच नाव आहे ना इथं? मग आहे तुमच्याच मार्गात.”

घरी आल्यावर ते टेबलाशी बसले. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला रक्त होतं, ते तसंच. मला म्हणाले, “पोरी, सातवा मी तुला कुठल्या बाजूनं सांगितला होता?”

दादा, मला एकच वाक्य बोलायचं होतं. ‘मी दादाला उलटा करायला लावला.’ झालं. एवढंच बोलायचं होतं. माझ्या तोंडातून निघालं, “तुम्हीच असा सांगितलात, अण्णा. मी तुम्ही सांगितलं ते लिहिलं.”

ते म्हणाले, “पायांना सुट्टी असं मी म्हटलं?”

मी हो म्हणाले.

मग त्यांनी कच्ची वही आणायला सांगितली, सातव्याचं पान वाच म्हणाले. पान माझ्या समोर होतं, त्यांचं पेन्सिलीचं अक्षर, ‘दारातून वर, तीन रेघा, फक्त चढ’. फक्त या शब्दाखाली त्यांनी दोनदा रेघ मारलीय. मी म्हटलं, पेन्सिल पुसली गेलीय, लागत नाही.

आता तूच काहीतरी कर. त्यांना लिही की मार्ग ऑफिसात उलटला गेला, छपाईत चूक झाली, काहीही लिही. तुझं ऐकतील. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

बुटकी

११ नोव्हेंबर

बुटके,

तुझं ४ मार्चचं पत्र सोबत जोडतोय. तुझंच आहे, जपून ठेवलं होतं. ‘दादा, तू तो मार्ग उलटा छाप ना’ याखाली मी लाल पेन्सिलीनं खूण केलीय. ‘पायांना सुट्टी’ याखालीही. आता छपाईत चूक झाली असं मी लिहून द्यायचं म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा झाल्या.

त्या बाईच्या भावाचं पत्र साहेबांकडे आलंय. साहेबांनी मला बोलावून एकच प्रश्न विचारला, मार्ग कुणी तपासला. मी म्हटलं, नोंदी करणाऱ्यानं स्वतः. काय सांगणार होतो, की टेबलाशी बसून तासाभरात उलटा केला? मला दोन मुलं आहेत, धाकट्याची अजून शाळा व्हायचीय. माझी नोकरी गेली तर तुझ्या दोन खोल्यांत येऊन राहू का आम्ही चौघं?

थंड डोक्यानं विचार कर. अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांना नोकरीवरून कोण काढणार आहे? म्हाताऱ्या माणसाच्या हातून चूक झाली तर लोक दोन दिवस हळहळतात आणि विसरतात. पुढच्या आवृत्तीत मार्ग गुपचूप सरळ करून टाकतो. तोवर दोघंही तोंड मिटून राहू.

दादा

२९ नोव्हेंबर

दादा,

माझं पत्र मिळालं. लाल पेन्सिल छान टोकदार आहे तुझी, ऑफिसची असेल.

हो, मी सांगितलं. मी स्वार्थी झाले, नाही म्हणत नाही. पण पक्की वही तुझ्या हातात होती. त्यात सहाही किलोमीटरच्या पुढं तीन-तीन रेघा काढलेल्या होत्या, माझ्याच हातानं. मी अडाणी, दोन खोल्यांसाठी डोळे झाकले. तू तर संपादक. एकदा सायकल काढून, नाहीतर बसनं येऊन, टाक्याचं वळण बघायचं होतंस. उंटावरून शेळ्या हाकल्यास आणि आता शेळी दरीत गेली तर म्हणतोस बुटकीनं सांगितलं.

इकडचं ऐक, म्हणजे तोंड मिटून राहायचं म्हणजे काय ते कळेल.

अण्णांनी हँडलची बाटली सोडली. पाणी मोरीत ओतलं, बाटली धुऊन कपाटात ठेवली. दुकान उघडतात, पण चाकाची तार ओढली की मला हाक मारतात, “बघ गं, बरोबर बसलीय का?” तीस वर्षं ज्या माणसानं नुसत्या कानानं तारा लावल्या, तो मला विचारतो. तारा बरोबरच असतात.

रोज दुपारी मला समोर बसवून मार्ग म्हणतात. पहिला, दुसरा, तिसरा, आणि मी पक्क्या वहीची दुसरी प्रत धरून तपासायचं. एक अक्षर चुकत नाही, दादा. सातव्यापाशी थांबतात. म्हणतात, “हा मला अजून दारातूनच आठवतो. असं कसं? एवढं पक्कं कसं काय चुकीचं आठवतं?” आणि मग दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवून बसून राहतात.

मंगळवारी दवाखान्यात गेले होते त्या बाईंना भेटायला. मी बरोबर होते. खाटेशेजारी उभं राहून म्हणाले, “बाई, मार्ग माझ्या हातून चुकीचा लिहिला गेला. मला आता आठवत नाही, पण लिहिला गेला. माझ्यामुळं तुमचा पाय गेला.” ती बाई भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. तिच्या भावानं आम्हाला बाहेर काढलं, अण्णांच्या दंडाला धरून. मी तिथं होते, मी ऐकलं, मी पाहिलं, आणि मी बोलले नाही.

तू म्हणतोस लोक विसरतात. विसरतीलही. हे नाही विसरणार.

एकदा तरी ये. दोघं मिळून सांगू. एकटीला धीर होत नाही.

बुटकी

९ डिसेंबर

पोरा,

हे पत्र मी स्वतः लिहितोय. अक्षर मोठं आहे कारण मला तेवढंच दिसतं. बुटकीला सांगितलेलं नाही, पोस्टमनच्या हाती देतोय.

सातवा मार्ग मी चुकीच्या बाजूनं सांगितला. का सांगितला ते कळत नाही. वय झालं असेल. बुटकी बिचारी मी सांगितलं तेच लिहीत गेली. मी हा विषय काढला की पोरीचा चेहरा पडतो. तिला वाटतं, उतरवताना तिची चूक झाली असेल. ती तशीच आहे, दुसऱ्याचं स्वतःच्या अंगावर घेणारी. तिला एका शब्दानं दोष देऊ नकोस.

तुझ्या साहेबांपुढं माझ्यामुळं तुला मान खाली घालावी लागली असेल. माफ कर.

दोन कामं कर. मार्ग सरळ कर, दारातून वर. आणि पहिल्या पानावर छाप की मागच्या आवृत्तीतली चूक माझी होती, माझ्या नावानिशी. पायांना सुट्टी म्हणून कुणी घरात पुस्तक ठेवलं असेल त्याला कळलं पाहिजे. चूक आडून सांगायची नसते.

आणि मार्गनोंदीवरचं माझं नाव काढ. ज्याला चढ आणि उतार वेगळा आठवत नाही त्यानं रस्ता सांगू नये.

गुडघ्याला तेल लाव.

अण्णा

२० जानेवारी

बुटके,

अण्णांचं पत्र आलं होतं, तुला ठाऊक नाही. नक्कल पाठवतो, मूळ माझ्या खणात आहे. ऑफिसच्या जिन्यात उभं राहून वाचलं आणि परत जागेवर जाता येईना.

तरी जे केलं ते सांगतो, कारण पुस्तक आलं की तुला दिसणारच. त्यांनी मागितलं तसं पहिल्या पानावर छापलं. मी दोनदा खोडलं होतं, बुटके, खरंच. मग साहेबांनी पत्र पाहिलं. म्हणाले, असा प्रामाणिक माणूस आजकाल सापडत नाही, हे छापलंच पाहिजे, कंपनीचं नाव वर येईल. बाईंच्या भावाचंही समाधान झालं, पुढचं काही करत नाही म्हणाला. मी कुठल्या तोंडानं नाही म्हणणार होतो?

मार्ग सरळ केलाय. म्हणजे तुझ्या खोल्यांचं नुकसान आहे, ते मला कळतंय.

यायचं म्हणत होतो, पण आता आवृत्तीची गडबड आहे. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या समोर बसायची हिंमत नाही. तू त्यांच्याजवळ आहेस, तुला जे योग्य वाटेल ते कर. सांगायचं असेल तर सांग. माझं नाव घेतलंस तरी मी काही म्हणणार नाही.

दादा

१४ फेब्रुवारी

दादा,

नवं पुस्तक आलं. मार्गनोंदीवरचं त्यांचं नाव काढलंयस. पूर्ण पुस्तकात आता ते एकाच ठिकाणी आहे, पहिल्या पानावर, चुकीच्या खाली. या वेळी अक्षर मोठं आहे, त्यांचं त्यांना वाचता येईल एवढं.

‘तुला योग्य वाटेल ते कर’ म्हणे! हात झटकायला तुझ्याइतकं कुणाला जमत नाही. पण मी ठरवलं होतं. तुझ्यासाठी नाही. ते पत्र वाचल्यापासून मला जेवण जात नव्हतं. काल दुपारी दुकान बंद केलं, कच्ची वही काढली, सातव्याचं पान उघडून टेबलावर ठेवलं, शेजारी माझं मार्चचं पत्र, तुझ्या लाल खुणांसकट. म्हटलं, आधी छापलेलं वाचून दाखवते, मग हे.

त्यांनी पहिलं पान माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. ‘मागील आवृत्तीतील सातव्या मार्गाची दिशा नोंदकर्त्याच्या चुकीमुळे उलट छापली गेली.’ मग पुस्तक हातात घेऊन स्वतः वाचलं, अक्षर अक्षर लावून. वाचून झाल्यावर असे हसले, दादा, आई गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलेलं नाही. म्हणाले, “पोरगा माझाच आहे. बापाची चूक असून झाकली नाही त्यानं. मला वाटलं होतं, माया करील आणि गाळून टाकील.”

मी वहीवर हात ठेवला होता. तोंड उघडलं होतं.

त्यांनी तो हात चाचपून धरला आणि म्हणाले, “आता तूही मनातून काढून टाक. तीन महिने बघतोय, झुरते आहेस. तुझी काही चूक नव्हती, पोरी. तू फक्त मी सांगितलं तेच लिहिलंस ना?”

मी हो म्हणाले, दादा.

वही परत पेटीत ठेवली आहे. वरच्या दोन्ही खोल्या रिकाम्या आहेत. पुढची आवृत्ती पाठवू नकोस, आणि तूही येऊ नकोस.